मुठीचे तांदूळ

नाताळ अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं पाठवला. विषयही दिला होता, देवाचा विश्वासूपणा आणि आपली कृतज्ञता. मी चौथी शिकलेली बाई. उभा जन्म रामनगरात गोव्याच्या रस्त्याला खानावळ चालवली. एवढे मोठे शब्द माझ्या पळीला उचलत नाहीत. तिला म्हटलं, मला भाताबद्दल लिहिता येईल. ती म्हणाली, मग भाताबद्दल लिहा. म्हणून हे भाताबद्दल आहे. देव त्यात जिथं येईल तिथं येईल, मी त्याला ओढून आणणार नाही.

खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. हॉटेलात माणूस आधी मागतो, मग शिजतं. खानावळीत आधी शिजतं, मग माणूस येतो. लॉरीवाल्याला थांबायला वेळ नसतो. तो हात धुऊन बाकावर बसला की ताट समोर यायला हवं, नाहीतर तो उठून पुढच्या धाब्यावर जातो. त्यामुळे सकाळी दारात एकही चाक थांबलेलं नसताना मला भाताचं आधण ठेवावं लागायचं. किती ठेवायचं, हाच सगळा धंदा. उरलेला भात दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला वाढायचा नाही हा माझा नियम. आणि कमी पडला तर माणूस अर्ध्या पोटानं उठतो, ते मला त्याहून वाईट. गोव्यात सण आहे का, श्रावण लागलाय का, घाटात धुकं किती, जंगलातून लाकडाच्या गाड्या निघाल्यात का, हे बघायचं आणि तांदूळ मोजायचे. लोक चर्चमध्ये विश्वासावर पुष्कळ बोलतात. न आलेल्या माणसाचा भात रोज शिजवून बघा म्हणावं.

माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी आधी एकच गोष्ट विचारायची. उतरणार, का चढून आलास? रामनगर मागं टाकलं की पुढं अनमोडचा घाट लागतो. गोव्याकडे उतरणाऱ्याला मी दुसऱ्यांदा भात वाढत नसे. उकड्या तांदळाचा भात, वर माशाची आमटी, आणि पोट भरल्यावर ती वळणं. डोळा लागायला किती वेळ लागतो? त्याला चपात्या, भाजी, ताक. घाट चढून आलेल्याला मात्र हवा तितका भात. माझा नवरा लाकडाची लॉरी चालवायचा. तो ह्याच घाटात गेला. त्यावर ह्याहून जास्त लिहिणार नाही.

ह्या नियमावरून भांडणं पुष्कळ झाली. हुबळीकडचा बसप्पा नावाचा ड्रायव्हर होता, अंगानं दांडगा आणि भाताचा वेडा. एकदा आला आणि बसता बसता म्हणाला, अक्का, चढून आलोय, सढळ वाढ. मी खिडकीतून पाहिलं. गाडीचं तोंड गोव्याकडे.

"मग गाडी काय पाठमोरी चढली?" मी विचारलं.

सगळे बाक हसले. तो म्हणाला, माझी बायकोसुद्धा मला असं बोलत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुझी ही दशा झालीय. त्यानं राग धरला नाही. पुढच्या खेपेला त्यानं काय केलं, तर आत यायच्या आधी भर रस्त्यात गाडी वळवली आणि तोंड बेळगावकडे करून लावली. मागं गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि हा घाम पुसत आत येऊन म्हणतो, आता बघ. त्या दिवशी मी त्याला तीनदा भात वाढला. एवढी मेहनत केलेल्या माणसाला वाढायला हवा. मग किल्ली काढून घेतली आणि मागच्या बाकावर तासभर झोपायला लावलं.

माझ्याबरोबर पहिल्यापासून रखमा होती. ती कुणबी, जोयडा तालुक्याच्या आतल्या बाजूची. तिचं माहेर सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि ती माणसं इकडं रामनगरला आली. थोडं भाताचं शेत, घरी नवरा आणि सासू. माझ्याकडे ती भांडी घासायची, चपात्या लाटायची, मसाला वाटायची. मी ख्रिस्ती आणि ती देवाला कोंबडं देणारी, ह्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. मिठावरून रोज व्हायचा.

आता आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या लोकांतल्या, एका चालीबद्दल सांगायला हवं. आमच्या बायका तांदूळ धुवायच्या आधी त्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवतात. आठवडाभराची मूठ एका डब्यात साठते. शनिवारी तो डबा चर्चमध्ये न्यायचा आणि तिथल्या मोठ्या पिंपात ओतायचा. ज्या घरी चूल पेटायची पंचाईत असेल तिथं ते तांदूळ जातात. दोन बायका मागच्या दारानं जातात, पिशवी ठेवतात, हे तुमच्यासाठी आलंय एवढंच म्हणतात आणि निघतात. कोणाच्या घरी गेले हे त्या दोघींशिवाय कोणाला कळत नाही. विचारायचंही नसतं. मंडळीतलंच घर पाहिजे असंही काही नाही.

खानावळ असल्यामुळे माझी मूठ सगळ्यांत मोठी. इतर बायका डबा आणायच्या, मी पिशवी आणायची. पिंपात ओतताना आवाज व्हायचा तो मला आवडायचा. ह्यात काही पाप होतं असं मला वाटत नाही. आवडायचा एवढंच.

मग रस्त्याचं काम निघालं. रुंद करणार म्हणून दोन्ही बाजूंची झाडं तोडली, डोंगर कापला, आणि अवजड गाड्या दुसऱ्या वाटेनं वळवल्या. मोटारसायकली आणि लहान गाड्या तेवढ्या सोडायचे. लवकर होईल असं सगळे म्हणत होते. एक पावसाळा गेला. खणलेल्या जागी तळी झाली. दुसरा पावसाळा आला. लॉरीवाला हेच माझं गिऱ्हाईक. लहान गाडीतली माणसं काचा वर करून निघून जातात, त्यांना जेवायला गोव्यातच जायचं असतं. रस्त्यावरचे कामगार आपापल्या पत्र्याच्या खोल्यांत स्वतः शिजवायचे.

मी आधण ठेवत राहिले. आधी मोठ्या पातेल्यात, मग मधल्या, मग लहान. रखमा आणि मी खायचो, उरलेला भात तिच्या घरी जायचा. मूठ काढणं चालू ठेवलं, पण ती मूठ आता चिमटीवर आली होती. आमचे लोक सांगतात देवाकडे नेमकं मागा, म्हणून मी नेमकं मागत होते. रस्ता सुरू कर. रोज तेवढंच. रस्ता काही सुरू झाला नाही.

त्या वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी लोक साक्ष द्यायला उठले. वर्षभरात देवानं काय केलं ते त्या दिवशी उभं राहून सांगायचं असतं. एकीच्या मुलाला जहाजावर नोकरी लागली होती. एकाच्या पोटातली गाठ साधी निघाली होती. एकीनं घरावर स्लॅब टाकला होता. सगळ्यांबरोबर मीही स्तुती म्हटली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. पाळकसाहेब म्हणजे तरुण मुलगा, माझ्या मुलीहून, करुणाहून, लहान. मी म्हटलं, "ज्यांना मिळालं ते उठले. ज्यांना नाही मिळालं त्यांच्याशी देव अविश्वासू झाला, असं धरायचं का?"

तो म्हणाला, "मला माहीत नाही, मावशी."

मला वाटलं होतं तो बायबलातलं एखादं वचन फेकेल आणि सुटेल. त्यानं फेकलं नाही. एवढ्यासाठी मी पुढच्या रविवारीही चर्चला गेले, नाहीतर गेले नसते.

पण चूल काही तेवढ्यानं चालत नाही. माझी मुलगी करुणा बेळगावात असते. तिच्या दोन खोल्या, नवरा, दोन मुलं. ती कधीची म्हणत होती, आई, बंद कर आणि ये. मी गेले तर तिथं काय करणार हे मला माहीत होतं. खुर्चीत बसून टीव्ही बघणार, जावई घरी आला की उठून आत जाणार, आणि माझ्यापुढं कोणीतरी वाढलेलं ताट येईल ते जेवणार. खानावळ बंद म्हणजे माझं असणं बंद. हे मी कोणाला बोलले नव्हते, पण खरं तेच होतं.

एका गुरुवारी मी आधण ठेवलं नाही. ठरवून नव्हे. तांदळाच्या डब्यापाशी गेले, झाकण उघडलं, आणि कोणासाठी असं मनात आलं. झाकण लावलं. चूल मांडल्यापासून चर्चचे दिवस सोडले तर ती थंड राहिली नव्हती. करुणाला फोन केला, रविवारी टेम्पो घेऊन ये. मोठी पातेली बाहेर काढली. रखमा ती घासायला बसली, शुक्रवारी घासली आणि शनिवारी पुन्हा घासली. एकदा घासलेली भांडी पुन्हा कशाला घासतेस म्हटलं तर म्हणाली, मग काय बसून तुझं तोंड बगू?

शनिवारी दुपार कलल्यावर मागच्या दाराशी आमच्या चर्चमधल्या सुमनबाई आणि त्यांची सून आल्या. सुमनबाईंच्या हातात कापडी पिशवी होती. मी पिशवी पाहिली आणि मला कळलं. तरी मी दार अडवून उभी राहिले.

"हे तुमच्यासाठी आलंय," सुमनबाई म्हणाल्या.

"चुकीच्या दारात आलात," मी म्हटलं. "मी देणाऱ्यांतली आहे."

"मावशी, दार हेच सांगितलंय."

"मग सांगणाऱ्याचं चुकलं. परत न्या."

सून तोंड वळवून रस्त्याकडे बघायला लागली. सुमनबाईंना पिशवी खाली ठेवता येईना आणि परतही नेता येईना. मी दार लावणारच होते. तेवढ्यात रखमा घासायच्या दगडावरून उठली, हात लुगड्याला पुसले, माझ्या बगलेखालून हात घालून पिशवी घेतली आणि म्हणाली, "द्या हिकडं. हिचं डोस्कं ठिकान्यावर न्हाई." त्या दोघी गेल्या. पळाल्याच म्हणायला हरकत नाही.

मी रखमाला नको ते बोलले. तू कोण घेणारी, तुझा काय संबंध, तुला ह्यातलं काय कळतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पिशवी ओट्यावर ठेवली.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "आता माझं आयक. माझा धनी फणसावरनं पडला हुता, आठवतंय? कंबर मोडून पडलेला. तवा ह्याच पिशव्या माझ्या दाराला आल्या."

मी म्हटलं, "तुझ्या?"

"व्हय. मी म्हटलं, मी तुमच्यातली न्हाई. त्या म्हटल्या, भूक तर हाय न्हवं? घेतलं. पुना आल्या, पुना घेतलं. सकाळी हितं यायची तर तू पातेल्यातनं मूठ काढत असायचीस. मी भांडी घाशीत बगायची. मनात म्हनायची, हिला ठावं बी न्हाई."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू रोज इचारायचीस, जेवलीस काय. मी व्हय म्हनायची. खोटं न्हवतं." मग तिनं पिशवीची गाठ सोडायला घेतली. "लाज मला बी वाटली, अक्का. पर लाज शिजवून खाता येत न्हाई. आन तू पडली देनारी. घेनाऱ्या काय दुसऱ्या मातीच्या अस्त्यात?"

मूठ कुठं जाते ते देणारीला कळू नये अशी आमची चाल आहे आणि ती चांगली आहे, मी आजही तेच म्हणेन. पण त्या चालीमुळे मला असं वाटत आलं होतं की घेणारं घर कुठंतरी लांब असतं. ते माझ्या मोरीत बसून पातेली घासत होतं.

आम्ही तांदूळ सुपात ओतले. इतकी वर्षं मी चर्चच्या पिंपात तांदूळ ओतले, पण त्यातून बाहेर काय निघतं ते कधी पाहिलं नव्हतं. उकडे होते, रेशनचे जाडे होते, कोणाचे बारीक, कोणाचे जुने, कोणाचे ह्याच वर्षीचे नवे, मधूनच जोयड्याकडचे लाल दाणे. माझे स्वतःचे नेहमी एका जातीचे असायचे, त्यामुळे हा विचार कधी शिवलाच नाही. मी भात करायला घेतला. रखमा म्हणाली, भात करू नगंस. मला भात शिकवतेस का, म्हणून मी पातेलं चढवलं. बारीक तांदळाचा लगदा झाला, नव्याचा चिकट गोळा झाला, आणि उकडे दाताखाली कचकचत होते. लॉऱ्यांच्या लॉऱ्या जेवू घातलेल्या बाईचा असा भात. रखमा तोंडाला पदर लावून हसत होती.

"ह्याचा भात हुत न्हाई," ती म्हणाली. "पेज हुते. पानी वत आन बस गप."

तिनं स्वतःच पाणी ओतलं, मीठ घातलं, जाळ बारीक केला आणि ढवळत बसली. पेजेला वेळ लागतो. शेवटी सगळे दाणे सारखे झाले, कोणता कोणाचा ते ओळखेना. लोणचं काढलं. जेवणाआधी मी प्रार्थना करते, ती मला तोंडपाठ आहे, झोपेतही म्हणेन. त्या दिवशी ताटावर डोळे मिटले आणि मध्येच अडकले. आजवर मी अन्नाबद्दल आभार मानायची ते माझ्या चुलीवर मी मिळवलेल्या अन्नाबद्दल असायचे, म्हणजे थोडेसे स्वतःचेही असायचे. ह्या पेजेत माझं काहीच नव्हतं. मीठसुद्धा रखमानं घातलेलं.

"गार हुतंय," रखमा म्हणाली.

मग आमेन म्हणून जेवले. पेज चांगली झाली होती. मीठ जास्त होतं.

चुलीचा धूर बघून रस्त्यावरच्या खोदाईच्या मशीनवरचा एक माणूस आत आला. परमुलखातला होता, हिंदी बोलायचा. जेवण आहे का विचारलं. मी म्हटलं, फक्त पेज आहे. बसला, दोन वाट्या प्याला, वाटी स्वतः धुऊन ठेवली आणि गेला. एखाद्या साक्षीत असतं तर दुसऱ्या दिवशी तो सगळी पलटण घेऊन आला असता. तसं झालं नाही. तो पुन्हा कधी आला नाही.

पण त्या संध्याकाळी मी बाकावर बसून विचार केला तो इतकाच. लॉऱ्या यायच्या तेव्हा मी म्हणायची देव विश्वासू आहे. लॉऱ्या थांबल्या तेव्हा मला वाटलं तोही थांबला. म्हणजे मी इतकी वर्षं लॉरीलाच देव धरलं होतं की काय? मी त्याच्याकडे रस्ता मागत होते. रस्ता त्यानं दिला नाही, आणि का दिला नाही ते मला आजही ठाऊक नाही. पण रस्ता बंद झाल्यापासून मी एकही दिवस उपाशी झोपले नव्हते. हे मी मोजलंच नव्हतं, कारण मी मागितलेल्यात ते नव्हतं. रखमाच्या घरी पिशवी गेली तेव्हा तिनं तर काहीच मागितलं नव्हतं. तिला आमच्या देवाकडे मागायचं कसं तेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर करुणा टेम्पो घेऊन आली, बरोबर जावई आणि पातेली बांधायला दोर. दारात आली तर आत चूल पेटलेली. रविवारी मी कधी चूल पेटवली नव्हती, ती बघतच राहिली. मी दोघांना बसवलं आणि उरलेल्या तांदळाची पेज वाढली. जावयाला ती आवडली. करुणा वाटी धरून नुसती माझ्याकडे बघत होती.

"आई, सामान कुठंय?"

मोठी पातेली दाखवली. म्हटलं ही ने. चर्चला लागतील, लग्नाकार्याला लागतील, तुला हवीत तर तू ठेव. मला आता ती नकोत. रखमानं आणि जावयानं मिळून ती टेम्पोत चढवली. चार बाकही दिले. आत एक लहान पातेलं, एक बाक आणि मी उरलो.

करुणाला रडू येत होतं आणि रागही येत होता. ती रस्त्याकडे बोट करून म्हणाली, "हे बघ, सगळा चिखल आहे. हे लोक आणखी वर्षभर तरी सोडत नाहीत. आणि सोडलं तरी तुझ्या ह्या एका पातेल्यावर काय होणार आहे? उद्या कोणीच आलं नाही तर?"

"तर मी आणि रखमा जेवू," मी म्हटलं.

तिनं रखमाकडे पाहिलं, ही तरी काही समजुतीचं बोलेल म्हणून. रखमा म्हणाली, "मीठ मी घालनार."

टेम्पो गेला. सोमवारी सकाळी मी आधण ठेवलं, लहान पातेल्यात, आणि त्याआधी मूठ काढली.

पुढं रस्ता झाला. गुळगुळीत आणि रुंद झाला, आणि लॉऱ्या आता रामनगरला न थांबताच निघून जातात. बसप्पा एकदा थांबला होता, म्हातारा झालाय, डॉक्टरनं भात बंद केलाय. मी सकाळी पेज करते. बसला निघालेली माणसं, दवाखान्यात आलेले, दात नसलेले म्हातारे, असे येतात. पेज उतरणाऱ्यालाही चालते आणि चढून आलेल्यालाही, त्यामुळे आता भांडणं होत नाहीत. थोडं चुकल्यासारखं वाटतं.

कोणीच आलं नाही असा दिवसही येतो. त्या दिवशी आम्ही दोघी जेवतो.